सूत्राच्या वरची आणि खालची जागा

पुस्तक वाचताना आपण अक्षरे वाचतो. अक्षरांच्या मधली कोरी जागा कोणी वाचत नाही, आणि ती जागा कोणीतरी मोजून ठेवलेली असते हेही सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कथा-कादंबरीत ह्याने फारसे बिघडत नाही. गणिताच्या पुस्तकात मात्र बिघडते. गणिताचे सूत्र जेव्हा मजकुरातून बाहेर काढून स्वतंत्र ओळीत, मधोमध छापले जाते तेव्हा त्याच्या वर किती जागा सोडावी आणि खाली किती, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्यात बरेच काही दडले आहे. प्रस्तुत लेखात त्याचीच ओळख करून द्यायचा विचार आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ह्या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. चक्रवाढ व्याज, वार्षिकी, घसारा, सरासरी आणि विचलन ह्या सर्वांची सूत्रे आम्हांलाही रोज लागतात. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले, आणि कॉलेजात आल्यावर मराठीतून लिहिलेल्या, हातोहात फिरणाऱ्या टिपणांच्या झेरॉक्स प्रतींवर माझ्यासारख्या पुष्कळांचा अभ्यास चालतो. अशाच एका टिपणात गेल्या वर्षी पुढील प्रकार पाहिला. आधी वार्षिक चक्रवाढीचे सूत्र होते. त्याखाली एक ओळ होती, ‘व्याज वर्षातून एकदाच आकारल्यास’. त्याखाली सहामाही चक्रवाढीचे सूत्र होते. मधली ओळ वरच्या सूत्राची अट होती. परंतु वरच्या सूत्रापासून ती दूर पडली होती आणि खालच्या सूत्राला अगदी चिकटली होती. माझ्या बाकावरच्या दोघांनी ती अट खालच्या सूत्राची समजून पाठ केली. दहा हजार रुपयांवर दहा टक्के दराने एका वर्षाचे व्याज वार्षिक आकारणीने १,००० रुपये येते, तर सहामाही आकारणीने १,०२५ रुपये. हा पंचवीस रुपयांचा फरक परीक्षेत पूर्ण गुणांचा फरक ठरला. टिपणात एकही अक्षर चुकीचे नव्हते. चुकली होती ती फक्त जागा.

ओळीतले सूत्र आणि सुटे सूत्र

सूत्र छापण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे मजकुराच्या ओघातच ते लिहिणे; उदाहरणार्थ, रास = मुद्दल + व्याज. दुसरी रीत म्हणजे ओळ तोडून ते स्वतंत्र मांडणे :

सरळव्याज = (मुद्दल × दर × मुदत) ÷ १००

सूत्र मोठे असेल, त्यात अपूर्णांक किंवा घातांक असतील, अथवा पुढे पुन्हा त्याचा उल्लेख करावयाचा असेल, तर दुसरी रीत बरी. ह्याला आपण ‘सुटे सूत्र’ म्हणू. सुटे म्हटले तरी ते वाक्यातून सुटलेले नसते, ते वाक्याचाच भाग असते. नजरेला लगेच सापडावे म्हणून त्याला वेगळी जागा दिलेली असते, एवढेच. लेखाचा सगळा मुद्दा ह्या एका गोष्टीत आहे. सूत्राभोवतीची जागा इतकी हवी की ते वेगळे दिसेल, आणि इतकीच हवी की वाक्य तुटलेले वाटणार नाही.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी हे काम अक्षरजुळारी करीत. आमच्या भागातल्या एका छापखान्यात पूर्वी कंपोझिटर असलेले एक काका आहेत. त्यांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “अरे, दोन ओळींच्या मधे आम्ही शिशाच्या पातळ पट्ट्या घालत होतो. लेड म्हणायचं त्याला. गणिताचं पान आलं की सूत्राच्या वर लेड, खाली लेड. किती घालायची ते हाताला कळायचं, पुस्तकात बघून नाही.” इंग्रजीत ओळींतील अंतराला आजही ‘लेडिंग’ म्हणतात ते ह्या शिशावरूनच. हाताला कळणारी ही गोष्ट यंत्राला कशी कळवावी, हा पुढचा प्रश्न होता.

कनूथ आणि टेख

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेचे पहिले खंड शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेले होते. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली ती प्रकाशजुळणी यंत्रावर तयार केलेली होती. त्यांची अक्षरे व मांडणी पाहून ते इतके नाराज झाले की पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच गणिताच्या जुळणीसाठी संगणक-प्रणाली लिहावयास घेतली. तिचे नाव ‘टेख’. नावातील शेवटचे अक्षर ग्रीक आहे, म्हणून उच्चार ‘टेक्स’ असा करीत नाहीत. १९७८ मध्ये ती प्रथम वापरात आली, १९८२ मध्ये त्यांनी ती नव्याने लिहिली, आणि १९८४ मध्ये तिच्यावरील त्यांचे पुस्तक निघाले. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर आधारित ‘लाटेख’ तयार केले. गणिताचे बहुतेक शोधनिबंध आजही त्यावरच जुळवले जातात. प्रणाली फुकट मिळते. तिच्या प्रत्येक सुधारित आवृत्तीचा क्रमांक पाय ह्या संख्येच्या एकेका अंकाने वाढत जातो. २०२१ सालच्या आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे.

कनूथ यांनी जुनी, चांगली छापलेली गणिताची नियतकालिके समोर ठेवून जुळाऱ्यांच्या सवयी बारकाईने पाहिल्या आणि त्यांचे नियम केले. सुट्या सूत्राभोवतीच्या जागेचे नियम त्यांपैकीच होत.

चार अंतरे

आपल्याला वाटेल की दोन आकडे पुरेत, एक वरचा व एक खालचा. टेखमध्ये ते चार आहेत : वरचे नेहमीचे अंतर, खालचे नेहमीचे अंतर, वरचे आखूड अंतर आणि खालचे आखूड अंतर. मोजमाप पॉइंटमध्ये होते. एका इंचात ७२.२७ पॉइंट बसतात, म्हणजे १२ पॉइंट हे साधारण ४.२ मिलिमीटर झाले. मूळ टेखमध्ये नेहमीचे अंतर वर १२ व खाली १२ पॉइंट आहे. आखूड अंतर वर ० आणि खाली ७ पॉइंट आहे. लाटेखमध्ये दहा पॉइंटांच्या अक्षराला नेहमीचे अंतर १० पॉइंट, तर आखूड अंतर वर ० व खाली ६ पॉइंट आहे.

वरचे अंतर शून्य कसे, असे वाटणे स्वाभाविक आहे. समजा, सूत्राच्या आधीच्या ओळीत ‘म्हणून’ एवढाच शब्द आहे. तो डावीकडे एका कोपऱ्यात बसतो आणि सूत्र मधोमध. सूत्राच्या थेट डोक्यावर काहीच नसते. तेथे अख्खी ओळ आधीच कोरी आहे. तेथे आणखी १२ पॉइंट सोडले तर पानाला भोक पडल्यासारखे दिसते. अशा वेळी आखूड अंतर वापरावयाचे. हात बसलेल्या जुळाऱ्याला हे न सांगता कळत असे. यंत्राला मात्र हिशेब सांगावा लागतो, आणि तो असा आहे.

ओळीची रुंदी ३४५ पॉइंट धरू. सूत्राची रुंदी १४५ पॉइंट असेल, तर ते मधोमध ठेवल्यावर डावीकडे १०० पॉइंट उरतात. आता आधीची ओळ जेथे संपते त्या अंतरात दोन ‘एम’ मिळवायचे. दहा पॉइंटांच्या अक्षरात एक एम साधारण दहा पॉइंटांचा, म्हणजे वीस मिळवायचे. ‘म्हणून’ हा शब्द ४० पॉइंटांवर संपला तर बेरीज ६० होते. ती १०० पेक्षा कमी आहे, म्हणून आखूड अंतर. तीच ओळ ९० पॉइंटांवर संपली तर बेरीज ११० होते. आता सूत्र त्या ओळीच्या फार जवळ येईल, म्हणून नेहमीचे अंतर. दोन एमची ही सूट ठेवल्यामुळे आखूड अंतर वापरले तरी वरची ओळ आणि सूत्र एकमेकांना भिडत नाहीत.

एकाखाली एक अशी अनेक समीकरणे बरोबरीच्या चिन्हावर जुळवून मांडली असतील, तर मात्र टेख हा हिशेब करीत नाही. तेथे नेहमीचेच अंतर पडते. एकाच पानावर एका सूत्राच्या वर कमी जागा व दुसऱ्याच्या वर जास्त का दिसते, असा प्रश्न पडतो त्याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

लवचीक जागा आणि भागीदारी

वर दिलेले आकडे पक्के नाहीत, लवचीक आहेत. मूळ टेखमध्ये नेहमीचे अंतर ‘१२ पॉइंट, हवे तर ३ ने वाढेल, हवे तर ९ ने घटेल’ असे लिहिलेले असते. ह्या लवचीक जागेला कनूथ यांनी ‘ग्लू’ म्हणजे डिंक हे नाव दिले. ‘स्प्रिंग’ हे नाव अधिक शोभले असते असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

लवचीकपणा कशासाठी? प्रत्येक पान खाली एकाच रेषेवर संपावे म्हणून. साध्या मजकुराच्या पानावर सगळ्या ओळी सारख्याच उंचीच्या असतात, त्यामुळे अडचण येत नाही. सूत्रे आली की कोणी उंच, कोणी बुटके. पान कोठे चार पॉइंट कमी भरते, कोठे सहा जास्त. ही तूट किंवा वाढ वाटून द्यावी लागते. वाटणी कशी होते हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला लगेच समजावे, कारण ती भागीदारी संस्थेतल्या नफ्याच्या वाटणीसारखीच आहे.

समजा, एका पानावर एक सुटे सूत्र आहे आणि परिच्छेदांच्या मधल्या चार जागा आहेत. सूत्राच्या वरच्या व खालच्या अंतराची वाढण्याची तयारी प्रत्येकी ३ पॉइंट, परिच्छेदांमधल्या जागांची प्रत्येकी १. एकूण भांडवल ३ + ३ + ४ = १० पॉइंट. पान ५ पॉइंटांनी कमी भरले. मग प्रत्येकाने आपल्या भांडवलाच्या निम्मे द्यायचे. सूत्राची दोन्ही अंतरे दीड-दीड पॉइंट वाढून १३.५ होतात, आणि परिच्छेदांच्या चार जागांना अर्धा-अर्धा पॉइंट मिळतो. तीन अधिक दोन, पाच; हिशेब जमला.

घटीच्या बाबतीत नियम अधिक कडक आहे. वाढताना जागा कबूल केल्यापेक्षा जास्तही ताणली जाऊ शकते. टेख तक्रार नोंदवते, पण ताणते. घटताना मात्र कबूल केलेल्या आकड्यापलीकडे एक कणही घटत नाही. बारातून नऊ गेले की तीन उरतात, त्याच्या खाली जागा कधीही जाणार नाही. मर्यादित कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी जशी भागाच्या रकमेपुरतीच असते, तसेच हे. सूत्र मजकुराला चिकटू नये ह्याची ही हमी आहे.

मराठी वाक्य आणि रिकामी ओळ

येथवरचे सर्व नियम इंग्रजी छपाई पाहून केलेले आहेत. मराठीत सूत्रे जुळवताना मला एक वेगळी गोष्ट दिसली. इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी येते आणि सूत्र वाक्याच्या शेवटी बसते. सूत्र संपले की पुष्कळदा वाक्यही संपते. आपले क्रियापद शेवटी. आपण लिहितो, ‘म्हणून’, मग सूत्र, आणि त्याखाली ‘असे मिळते’. म्हणजे मराठीत सूत्राच्या खाली जवळजवळ नेहमीच वाक्याचा उरलेला तुकडा असतो. आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांचेही तेच. ‘आद्दरिंद’ म्हणून त्यांनी सूत्र लिहिले की खाली ‘आगुत्तदे’ येतेच.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की सूत्राच्या खाली रिकामी ओळ सोडू नये. टेखमध्ये रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद. ती सोडली की ‘असे मिळते’ हे दोन शब्द आत सरकून नव्या परिच्छेदासारखे उभे राहतात आणि वाक्याचे धड एकीकडे, शेपूट दुसरीकडे होते. सूत्राच्या वर रिकामी ओळ सोडणे त्याहून वाईट. तिने वर बहुधा जादा जागा पडते, शिवाय दुसरे नुकसान होते. सूत्र आणि त्याच्या आधीची ओळ ह्यांच्यामध्ये पान तुटू द्यायचे नाही, असा टेखचा मूळ नियम आहे. रिकामी ओळ सोडली की आधीचा मजकूर वेगळा परिच्छेद होतो आणि ते संरक्षण जाते. मग ‘म्हणून’ एका पानाच्या तळाशी आणि सूत्र पुढच्या पानाच्या माथ्यावर, असे होऊ शकते.

दुसरी गोष्ट अशी. दोन सूत्रांच्या मध्ये ‘असे मिळते. म्हणून’ एवढीच आखूड ओळ आली, तर तिच्यावर वरच्या सूत्राचे खालचे अंतर पडते आणि तिच्याखाली पुढच्या सूत्राचे आखूड, म्हणजे शून्य, अंतर पडते. ओळ खालच्या सूत्राकडे झुकते. ती पुढच्या सूत्राची प्रस्तावना असेल तर हे योग्यच आहे. परंतु ती वरच्या सूत्राची अट असेल, तर वर सांगितलेल्या टिपणासारखा घोटाळा होतो. तेथे उपाय आकड्यांचा नाही, लिहिण्याचा आहे. अट सूत्राच्या आधी लिहावी : ‘व्याज वर्षातून एकदाच आकारल्यास’, आणि मग सूत्र. मराठी वाक्याची चालही तशीच आहे. ‘जर’ आधी, ‘तर’ नंतर.

आपल्या लिपीचीही एक गरज आहे. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरी ओळ वर-खाली जास्त जागा व्यापते. वर मात्रा, वेलांटी, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. कन्नड लिपीत तर ओत्तक्षरे ओळीखाली लोंबतात. म्हणून दहा पॉइंटांच्या रोमन अक्षराला ओळींमध्ये १२ पॉइंट पुरतात तेथे देवनागरीला अधिक लागतात. ओळींतले अंतर असे वाढवले तरी सूत्राभोवतीची चार अंतरे आपोआप वाढत नाहीत. मग ओळी मोकळ्या आणि सूत्रे दाटीत, असे पान दिसते. ओळींतले अंतर ज्या प्रमाणात वाढवाल, त्याच प्रमाणात ही चार अंतरेही वाढवावीत, असे मला वाटते. देवनागरी टेखमध्ये आणण्याचे काम नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ च्या सुमारास केले, आणि २००४ पासून ‘झीटेख’मुळे नेहमीचे देवनागरी टंक थेट वापरता येतात. तेव्हा साधनांची सबब आता उरलेली नाही.

काही व्यावहारिक सूचना

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाटेखमध्ये ही चार अंतरे लेखाच्या प्रारंभीच्या सूचनांत बदलली तर बदल टिकत नाही. अक्षराचा आकार ठरवणारी आज्ञा चालली की ते आकडे मूळपदावर येतात. म्हणून बदल लेख सुरू होण्याच्या क्षणी लागू होईल असा, किंवा त्या आज्ञेलाच जोडून करावा. एखाद्याच सूत्राच्या वर हाताने जागा घालणे किंवा कापणे टाळावे. मजकुरात दोन शब्द वाढले की ती दुरुस्ती तेथेच अपाय ठरते. ज्यांचे काम ‘वर्ड’वर चालते त्यांनीही दोनदा एंटर दाबून जागा सोडू नये. परिच्छेदाच्या आधीची व नंतरची जागा आकड्याने ठरवण्याची सोय त्यात आहे, ती वापरावी. म्हणजे सर्व सूत्रांना एकच नियम लागतो.

कागदाचा हिशेब

शेवटी खर्चाचा प्रश्न. जागा म्हणजे कागद आणि कागद म्हणजे पैसा. समजा, पानावर १२ पॉइंटांच्या ४५ ओळी बसतात, म्हणजे उंची ५४० पॉइंट. पानावर चार सुटी सूत्रे, म्हणजे आठ अंतरे. प्रत्येक अंतर १० वरून ६ वर आणले तर पानामागे ३२ पॉइंट वाचतात. सतरा पानांत ५४४ पॉइंट, म्हणजे एक पान वाचले. अडुसष्ट पानांची पुस्तिका चौसष्ट पानांत, सोळा पानी चार फर्म्यांत चपखल बसते. छापणाऱ्याला हा मोह होणारच, आणि त्यात गैर काही नाही. पण जमेच्या बाजूला चार पाने लिहिताना नावेच्या बाजूला काय लिहायचे, तेही पाहावे. ती पुस्तिका शंभर विद्यार्थी वाचणार असतील, तर सूत्र शोधण्यात आणि अट कोणाची हे ठरवण्यात त्यांचा जाणारा वेळ कोणत्याच खात्यावर पडत नाही, म्हणून तो दिसत नाही. चारच पाने वाचवायची असतील तर एखादे पुनरुक्त उदाहरण गाळावे. ते गाळले तर वाचकाचे नुकसान कमी होते.

‘गणित इंग्रजीतूनच बरे कळते’ असे आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पुष्कळदा ऐकावे लागते. इंग्रजी पुस्तक सुबक जुळवलेले आणि मराठी टिपण कसेतरी कोंबलेले असेल, तर ते बोलणे खरेही वाटू लागते. त्यात दोष भाषेचा किती आणि मांडणीचा किती, हे कोणी निवडून पाहत नाही. मांडणीचा भाग तरी आपल्या हातात आहे. येत्या सत्रात व्यावसायिक गणिताची टिपणे मराठीत नव्याने जुळवण्याचा आमच्या वर्गातील काही जणांचा बेत आहे. कन्नड विभागातील मित्रांनी हेच काम त्यांच्या भाषेत करण्याचे मान्य केले आहे. प्राध्यापक महाशयांनी आपल्या जुन्या टिपणांच्या प्रती दिल्या आणि जुळवलेली पाने तपासून दिली, तर काम लवकर होईल. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी अवश्य भेटावे. संगणक येत नसला तरी चालेल. कोणती अट कोणत्या सूत्राची, हे ठाऊक असणारा माणूस आम्हांला आधी हवा आहे.